हॅमर मिटलंय, पण टँकमध्ये आणखी काही टाकू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हाला समजेल. १०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, सुरू होऊन चार महिने. दोन क्लाउनफिश, हॅमर नावाचं एक कोरल, झोआ या मऊ कोरलचा एक दगड आणि महिन्याभरापूर्वी आणलेला ॲक्रोपोरा या कठीण कोरलचा छोटा फ्रॅग (तोडून लावलेला तुकडा). हॅमर दहा दिवसांपासून मिटून बसलंय, ॲक्रोपोराची टोकं पांढरी दिसतायत, वाळूवर बुडबुडे अडकलेला तपकिरी चिकट थर येतोय. झोआ मात्र मजेत उघडतात. आकडे असे: सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) ३५, तापमान २६, पीएच सकाळी ७.९, कॅल्शियम ४१०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) 'कधी ७.१, कधी १०.२'. पीएच वाढवायला तुम्ही बफर टाकता, अल्कलिनिटी कमी दिसली की तिची पावडर टाकता, फिल्टरमध्ये फॉस्फेट रिमूव्हर आहे. आणि विचारलंय की सगळं मर्यादेत असताना हे का होतंय, आता कोणतं सप्लिमेंट टाकू, झोआंच्या दगडावरचा थर ब्रशने घासून काढू का.

उत्तराचा निम्मा भाग तुमच्याच 'कधी ७.१, कधी १०.२' या चार शब्दांत आहे. ७.१ चालतं. १०.२ सुद्धा कित्येक टँकमध्ये चालतं. पण एकाच टँकमध्ये, एकाच आठवड्यात दोन्ही चालत नाहीत. दुसरा निम्मा भाग त्या दोन शून्यांत आहे. ती तुम्ही चांगली खूण म्हणून लिहिली आहेत, मला तीच सगळ्यात जास्त खटकतात.

आधी हॅमरकडे बघू, कारण तुमचा जीव त्यात अडकलाय. दहा दिवस मिटलेलं हॅमर मेलेलंच असेल असं नाही. पांढरा प्रकाश लावा, पाण्याचा पंप पाच मिनिटं बंद ठेवा आणि काचेला नाक लावून त्याच्या सांगाड्याची कड बघा. मांस कडेवरून खाली उतरून सांगाड्याला बाहेरून घट्ट चिकटलेलं असेल, तर कोरल नुसतं रुसलंय. कड उघडी पडून पांढरी, करवतीसारखी दातेरी दिसत असेल, तर मांस मागे सरकतंय आणि हातात वेळ थोडा आहे. आणि हॅमरच्या एखाद्या फांदीच्या डोक्यावर तपकिरी जेलीसारखा लोंबता, घाण वासाचा पदार्थ दिसला तर मात्र त्याच दिवशी हालचाल करा: बारीक नळीने ती जेली बाहेर ओढून घ्या, ते डोकं बाकीच्यांपासून तोडून वेगळं करा. ही जेली एका डोक्यावरून शेजारच्या डोक्यावर पसरते. तुमच्या वर्णनावरून हा प्रकार वाटत नाही, पण डोळ्यांनी खात्री करून घ्या.

ॲक्रोपोराच्या बाबतीतही बघूनच ठरवावं लागेल. वाढणाऱ्या ॲक्रोपोराची टोकं फिकट, पांढुरकीच असतात. तिथे नवा सांगाडा इतक्या वेगाने रचला जातो की त्या मांसात सूक्ष्म शैवाल अजून पोचलेलं नसतं. टोक गुळगुळीत असेल, त्यावर मांसाची पातळ चकाकी असेल, तर ती वाढ आहे, आनंदाची गोष्ट. टोक खडबडीत, कोरडं, खडूसारखं असेल आणि आठवड्याभरात त्यावर हिरवट लव चढली असेल, तर ते जळलेलं टोक आहे. अल्कलिनिटी वर आणि नायट्रेट-फॉस्फेट तळाला, अशा जोडीत ॲक्रोपोराची टोकं जळताना मी अनेकदा पाहिली आहेत. तुमच्याकडे नेमकी हीच जोडी आहे.

आता ही अल्कलिनिटी वरखाली का होते ते सांगतो. हॅमर किंवा ॲक्रोपोराचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. कोरल पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतं आणि थर रचत जातं. अल्कलिनिटी म्हणजे ढोबळमानाने पाण्यातला बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा. समुद्रात ती साधारण ७ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) असते आणि दिवसेंदिवस फारशी हलत नाही. कोरलच्या पेशींचं सगळं काम त्या स्थिर पाण्याच्या हिशोबाने बसलेलं आहे. तुमच्या झोआंना काही झालं नाही याचं कारणही इथेच आहे: झोआंना सांगाडाच नसतो, त्यामुळे या चढउताराची झळ त्यांना कमी बसते.

तुमच्या टँकमध्ये अल्कलिनिटी खाली जाते ती कोरल आणि दगडांवर वाढणारं गुलाबी कोरलाइन शैवाल ती वापरतात म्हणून. ते ठीकच आहे. पण ती १०.२ वर जाते ती तुमच्या हाताने. पीएच वाढवणारा बफर म्हणून जी पावडर मिळते, ती बहुतेक वेळा सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचंच मिश्रण असते. अल्कलिनिटीची पावडरही तीच. म्हणजे एकच वस्तू तुम्ही दोन डब्यांतून, दोन वेगळ्या कारणांसाठी, एकाच पाण्यात टाकताय. सकाळी पीएच ७.९ दिसला म्हणून एक चमचा, संध्याकाळी अल्कलिनिटी ७.१ दिसली म्हणून दुसरा.

पीएचचा बफर आज बंद करा. सकाळी ७.९ हा पूर्णपणे निरोगी आकडा आहे. रात्री दिवे बंद असताना शैवाल कार्बन डायऑक्साइड वापरत नाही, सगळे जीव तो सोडत राहतात, म्हणून पहाटे पीएच सगळ्यात खाली आणि दिवे मालवण्याआधी सगळ्यात वर असतो. ७.८ ते ८.४ मध्ये तो कुठेही फिरू द्या. तरी शंका वाटली तर एक सोपी परीक्षा आहे. टँकमधलं ग्लासभर पाणी खिडकीबाहेर मोकळ्या हवेत ठेवा, छोट्या एअर पंपाने तासभर त्यात हवा सोडा आणि पुन्हा पीएच मोजा. तो चढला, तर दोष पाण्यात नाही, बंद खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये आहे. मग खिडकी उघडी ठेवणं हाच त्यावर उपाय.

एक अनुभव सांगतो, कारण त्याची किंमत माझ्या कोरलनी मोजली. माझा टँक चांगला स्थिरावल्यावर एकदा सुट्टीवरून परत आलो तर अल्कलिनिटी ६.४ वर आली होती. कोरल सगळे ठीक होते, पॉलिप (कोरलचे छोटे छोटे जीव) बाहेर होते. मी आकडा पाहून घाबरलो आणि त्याच संध्याकाळी ती ९.५ वर नेली. तिसऱ्या दिवशी चारपैकी तीन ॲक्रोपोरा बुडापासून सोलल्यासारखे पांढरे होत गेले. ६.४ वर ते जिवंत होते. तेव्हापासून मी एका दिवसात ०.५ डीकेएचपेक्षा जास्त बदल करत नाही, आकडा कितीही वाईट दिसत असला तरी.

मग करायचं काय? आधी काहीच टाकायचं नाही. अल्कलिनिटी आत्ता १० च्या आसपास असेल तर ती आपोआप उतरू द्या. रोज ठरलेल्या वेळी, उदाहरणार्थ दिवे लागण्याआधी, एकच टेस्ट करा आणि वहीत लिहा. त्याच किटने, तसंच थेंब मोजून, शक्यतो एकाच माणसाने. समजा उतरत उतरत आकडे असे आले: ८.३, ८.१, ७.९, ७.७. म्हणजे तुमचा टँक दिवसाला ०.२ डीकेएच खातो. हा आकडा हातात आला की रीफ टँकमधलं सर्वात मोठं कोडं सुटलं असं समजा. रोज तेवढंच परत द्यायचं, कमी नाही, जास्त नाही.

हिशोब असा. शुद्ध बेकिंग सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, ३० ग्रॅम घ्या आणि आरओ-डीआय (गाळून क्षारमुक्त केलेलं) पाणी घालून एक लिटर द्रावण करा. या द्रावणाचं १ मिली १ लिटर पाण्याची अल्कलिनिटी सुमारे १ डीकेएचने वाढवतं. तुमचा टँक १०० लिटरचा असला तरी दगड आणि वाळू जागा घेतात. प्रत्यक्ष पाणी ८५ लिटरच्या आसपास धरा. ८५ गुणिले ०.२, म्हणजे दिवसाला १७ मिली. ते एकदम न ओतता पंपाच्या धारेत हळूहळू सोडा. बेकिंग पावडर नको, त्यात इतर पदार्थ असतात. आणि ७.५ ते ८.५ मध्ये एखादा आकडा पकडून तिथेच राहा. तुमच्या पोषकद्रव्यांच्या, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेटच्या, पातळीला मी ८ च्या वर जाणार नाही.

कॅल्शियम इतकं शांत का दिसतं, असं तुम्हाला वाटलं असेल. कोरल २.८ डीकेएच वापरतात तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएमच्या (दहा लाखांत २० भाग) आसपास खर्च होतं. ८ मधले २.८ गेले तर तिसरा हिस्सा गेला. ४१० मधले २० गेले तर तुमच्या टेस्ट किटच्या चुकीत लपून जातात. म्हणून अल्कलिनिटी रोज, कॅल्शियम आठवड्यातून एकदा, मॅग्नेशियम महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरतं. कॅल्शियम ४०० च्या खाली गेलं तर भरा, पण दोन्ही द्रावणं एकाच वेळी एकाच जागी ओतू नका. पाण्यात पांढरा ढग उठतो आणि दोन्ही वाया जातात.

पाणी बदलताना आणखी एक गोष्ट बघा. काही सॉल्ट मिक्समध्ये नव्या पाण्याची अल्कलिनिटी ११-१२ येते. टँक ८ वर आणि नवं पाणी ११ वर असताना २० टक्के पाणी बदललंत, तर एका फटक्यात ०.६ ची उडी बसते. नवं पाणीही टेस्ट करा. जास्त असेल तर दर वेळी १० टक्क्यांवर थांबा.

आता ती दोन शून्यं. कोरलच्या मांसात राहणारं सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंच कोरलला देतं, हे तुम्ही वाचलंच असेल. पण त्या शैवालालाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. तुमच्याकडे दोन मासे, थोडंसं खाद्य, त्यावर स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) आणि वर फॉस्फेट रिमूव्हर. पाण्यात कोरलसाठी काही उरतच नाही. त्यांचा रंग फिकट पडतो, मांस पातळ होतं, आणि अशा उपाशी कोरलवर अल्कलिनिटीचा झोका आला की ते टिकत नाहीत. मी माझ्या टँकमध्ये नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम ठेवतो.

याला एक अपवाद आहे. दगडांवर हिरवं केसाळ शैवाल भरपूर असेल आणि तरी टेस्ट शून्य दाखवत असेल, तर ते शून्य खरं नसतं. पोषण पाण्यात दिसत नाही कारण शैवाल ते आधीच पिऊन टाकतं. तुम्ही शैवालाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून तुमचं शून्य मी खरं धरतोय.

आणि पाणी असं कोरडं पडलं की त्या मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) नावाचे एकपेशीय सूक्ष्म जीव येतात. तुमचा बुडबुडे अडकलेला तपकिरी थर बहुधा तेच असावेत. पण चार महिन्यांच्या टँकमध्ये डायटमही (हेही एक सूक्ष्म शैवाल) असू शकतात, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी ओळख पटवा. डायटम म्हणजे धुळीसारखा तपकिरी थर. हाताने उडतो, त्याचे तंतू बनत नाहीत, काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. डायनो शेंबडासारखे ताणले जातात, दुपारपर्यंत बुडबुडे धरतात आणि रात्री दिवे गेल्यावर वाळू जवळजवळ स्वच्छ दिसते. खात्रीसाठी थोडा थर टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवून त्याचा भुगा करा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि खाली आलेलं पाणी उजेडात तासभर ठेवा. त्या पाण्यात पुन्हा तंतू जुळून गोळा झाला, तर ते डायनो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ग्लाससमोर बसून राहिलो होतो. पाऊण तासात स्वच्छ पाण्यात तपकिरी धागे एकमेकांना शोधत तळाशी जाळं विणत होते.

डायनो निघाले, तर फॉस्फेट रिमूव्हर काढून टाका, माशांचं खाद्य वाढवा, स्किमर दिवसातून काही तास बंद ठेवा आणि काही काळ पाणी बदलणं थांबवा. सॅलिनिटी आणि अल्कलिनिटी सांभाळत राहिलात, तर दोन-तीन आठवडे पाणी न बदलल्याने बिघडत नाही. थर रोज नळीने ओढून, बारीक कापडी फिल्टरमधून गाळून पाणी परत टँकमध्ये सोडा. गोगलगायी मरत असतील तर लगेच लक्ष द्या, काही डायनो विषारी असतात. आकडे वर यायला आठवडे लागतात आणि मधल्या काळात थर आधी वाढल्यासारखाही दिसेल. तेव्हा घाबरून पुन्हा रिमूव्हर लावू नका.

सॅलिनिटीबद्दल मला एक शंका आहे. ३५ हा आकडा तुम्हाला रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायच्या दुर्बिणीसारख्या यंत्राने) मिळाला असेल, तर तो कशाने कॅलिब्रेट केला? साध्या डिस्टिल्ड पाण्याने शून्य लावून काम भागतं असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग ३५ चं तयार मानक द्रावण आणलं, आणि जे पाणी मी ३५ समजत होतो ते ३१ निघालं. सहा महिने कोरल का खुलत नाहीत याचं उत्तर एका थेंबात मिळालं. शून्याला बरोबर असलेलं यंत्र ३५ ला चुकू शकतं. मानक द्रावण घ्या, त्यानेच लावा. आणि ३१ निघालं तरी एका दिवसात ३५ करू नका, आठवडाभर घ्या.

यालाच जोडून टॉप-अप. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ राहतं. तुमच्या टँकमधून रोज दीड लिटर उडत असेल आणि तीन दिवस भरलं नाही, तर ३५ चं ३७ होतं. मग एकदम साडेचार लिटर गोडं पाणी ओतलं की पुन्हा खाली. हॅमरला हा झोकाही जाणवतो. रोज भरा किंवा ऑटो टॉप-अप लावा. नव्या हौशी माणसाने पहिलं यंत्र कोणतं घ्यावं असं मला विचारलं तर मी महागड्या लाइटऐवजी हेच सांगेन.

तापमान २६ उत्तम, त्याला हात लावू नका. हॅमरला पाण्याची थेट धार लागत असेल तर वेव्हमेकरचं (पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) तोंड काचेकडे वळवा. त्याची टोकं संथ डोलली पाहिजेत, एका बाजूला दाबली जाता कामा नयेत. त्याच्या आजूबाजूला १५ सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा, रात्री ते लांब दंशक तंतू बाहेर काढतं. लाइटची तीव्रता तुम्ही लिहिलेली नाही, त्यामुळे त्याबद्दल नेमकं सांगता येत नाही. गेल्या महिन्यात ॲक्रोपोरासाठी म्हणून लाइट वाढवला असेल तर हॅमर मिटायला तेही कारण पुरेसं आहे. तसं असेल तर जुन्या पातळीवर परत आणा.

ॲक्रोपोराबद्दल माझं स्पष्ट मत आहे की चार महिन्यांच्या टँकला तो फार लवकर आला. वर्षभर जुन्या, रोज तेच आकडे देणाऱ्या टँकमध्ये तो रमतो. ओळखीत कुणाचा जुना टँक असेल तर काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे सांभाळायला द्या. नसेल तर आहे तिथेच ठेवा, सारखा उचलून जागा बदलू नका. त्याच्यासाठी बाकीच्या टँकचे आकडे मात्र ओढाताण करून बदलू नका.

आणि झोआंच्या दगडावर ब्रश अजिबात चालवू नका. झोआ आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय तीव्र विष असू शकतं. घासताना उडालेला तुषार डोळ्यात गेला किंवा श्वासावाटे आत गेला, तर माणूस रुग्णालयात पोचू शकतो. हातावर कापलेलं असेल तर पाण्यात हातच घालू नका. त्या दगडाला हात लावायचाच असेल तर हातमोजे आणि डोळ्यांना सुरक्षा-चष्मा हवाच. दगड उकळत्या पाण्यात टाकणं किंवा त्यावर गरम पाणी ओतणं कधीही नको, वाफेतून विष सगळ्या खोलीत पसरू शकतं आणि घरातली माणसं, पाळीव प्राणी सगळेच आजारी पडू शकतात. तो थर पाण्याखालीच नळीने ओढून घ्या, तेवढं पुरतं. नळीत पाणी चढवायला तोंड मात्र लावू नका.

आज रात्रीपुरतं इतकंच: बफर आणि अल्कलिनिटीची पावडर बंद, फॉस्फेट रिमूव्हर बाहेर, माशांना एक वेळ जास्त खाद्य, वहीत पहिला आकडा. आठ दिवसांनी मला तीन गोष्टी पाठवा: अल्कलिनिटीचे रोजचे आकडे, फिल्टर पेपरच्या परीक्षेत काय दिसलं ते, आणि पांढऱ्या प्रकाशात जवळून काढलेला हॅमरच्या कडेचा फोटो. निळ्या लाइटखालचा नको, त्यात मांस मागे सरकलेलं दिसत नाही.